त्रेचाळिसावी तळटीप

दिव्यानी पिंपळशेंडेच्या घरात शांतता कधी टिकलीच नाही. तिचे वडील गोपालराव तीस वर्षं घुग्घुसच्या कोळसा खाणीत सुरुंग लावणाऱ्यांच्या टोळीत होते आणि त्यात त्यांचे कान गेले. घरात काही विचारलं आणि उत्तर आलं नाही, की त्याचा अर्थ एकच असायचा: बाबांना ऐकू गेलं नाही. मग आवाज चढवून परत विचारायचं, नाहीतर सोडून देऊन पुढचं बोलायचं. अशा घरात वाढलेल्या माणसाला समोरच्याचं गप्प राहणं सोसत नाही. वर्गातही ती प्रश्न विचारायची आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत उत्तर देऊन मोकळी व्हायची.

आणि गंमत बघा, या बाईने आंतरराष्ट्रीय कायद्यात अभ्यासाला विषय घेतला तो मौनाचा. समजा, एका देशाने समुद्रातल्या एखाद्या बेटावर दीपगृह बांधलं. शेजारचा देश वर्षानुवर्षं नुसतं बघत राहिला, एका ओळीचं निषेधाचं पत्रही त्याने धाडलं नाही. पुढे भांडण न्यायालयात गेलं, तर त्या शेजाऱ्याला ऐकून घ्यावं लागतं की तू बोलायला हवं होतंस तेव्हा बोलला नाहीस, म्हणजे तुला ते मान्यच होतं. गेल्या काही वर्षांत यावर पुष्कळ लिहून येत होतं. कोणतं मौन संमती म्हणून धरायचं, कोणतं नाही, ज्या गरीब देशाकडे पत्र लिहायला माणूसच नाही त्याच्या मौनाचं काय करायचं, अशी विद्वानांची खडाजंगी चालली होती. दिव्यानी चंद्रपूरच्या एका विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होती आणि रात्रीचा दिवस करून हे सगळं वाचत होती. तिने एक पाऊल पुढे टाकलं. देशांचा हा नियम जंगलातल्या गावांच्या संमतीला लावला तर काय दिसतं, असा लेख तिने लिहिला. परदेशातल्या एका नावाजलेल्या नियतकालिकाने तो छापला. महाविद्यालयात पेढे वाटले गेले.

लेखाला एकशे बारा तळटिपा होत्या. त्यातली त्रेचाळिसावी तिच्या स्वतःच्या मुलाखतीवर होती. कुरखेड्याच्या पलीकडे कोहकाटोला म्हणून तीस-बत्तीस घरांचं गाव आहे. गावामागच्या डोंगरात लोखंड आहे आणि एका कंपनीला तो डोंगर हवा होता. गावातले सगळ्यांत वडील, सुकलू हलामी, यांच्याशी ती दोन वर्षांपूर्वी बोलून आली होती. तळटिपेत एकच वाक्य होतं: गावातील ज्येष्ठ व्यक्तीला थेट विचारले असता तिने कोणताही आक्षेप नोंदवला नाही.

नोव्हेंबरात नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाने ‘मौन आणि संमती’ या विषयावर परिसंवाद ठेवला. दिव्यानीला ऑनलाइन बोलायचं आमंत्रण आलं. आयोजकांनी पत्रात अभिनंदनही केलं होतं, की एका खाण कंपनीच्या तज्ज्ञाने मंजुरीच्या अर्जाला जोडलेल्या अहवालात तुमच्या लेखाचा आधार घेतला आहे. दिव्यानीने तो अहवाल शोधून काढला. डोंगर कोहकाटोल्याचाच होता. गावाचा विरोध नाही, याला पुरावा म्हणून त्रेचाळिसावी तळटीप जशीच्या तशी उतरवली होती, आणि सुनावणी डिसेंबरात होती. खरं सांगायचं तर तिला आधी अभिमानच वाटला. मग कुठेतरी बारीकसं टोचलं. पण डिसेंबरातच तिच्या कायम जागेची मुलाखत होती आणि त्या मुलाखतीत दाखवायला तिच्याकडे हा एक लेख सोडून काही नव्हतं. तिने टोचणीकडे काणाडोळा केला.

परिसंवादात मूळ मुलाखतीचा तुकडा ऐकवता आला तर बरं होईल, असं आयोजकांनी सुचवलं होतं. म्हणून तिने एका दुपारी स्टाफरूममध्ये फोनमधलं ते रेकॉर्डिंग लावलं. बांबू चिरल्याचा आवाज येत होता, सुकलूबाबा टोपलीच्या काड्या काढत होते. मग तिचा स्वतःचा घाईचा आवाज आला: कंपनी डोंगर मागते आहे, यावर तुमचं काय म्हणणं आहे, बाबा? विळा थांबला. त्यानंतरची शांतता तिने तेव्हा मोजली होती. अकरा सेकंद, असं तिच्या टिपणात कंसात लिहिलेलं होतं. अकरा सेकंदांनंतर तिला राहवलं नव्हतं आणि ‘बरं, पुढचा प्रश्न’ म्हणून ती पुढे गेली होती.

आता ती पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसली. अकरा सेकंद गेले, वीस गेले. चाळिसाव्या सेकंदाला तिचा आवाज आला.

मोजण्यात चूक झाली असेल, असं म्हणून तिने टिपण दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी परत लावलं तेव्हा शांतता दोन मिनिटं दहा सेकंद चालली. तिसऱ्या दिवशी सव्वाचार मिनिटं. आणि ती नुसती शांतताही राहिली नव्हती. दूर कोंबडी कुरकुरत होती. कोणीतरी चटई ओढली. कोणीतरी येऊन बसलं. मग एका म्हाताऱ्या माणसाचा खोकला आला, तीनदा, मधे दम घेऊन. थोड्या वेळाने काचेच्या बांगड्या वाजल्या आणि आणखी कोणीतरी गुडघ्यावर हात टेकून खाली बसलं. दिव्यानीने रेकॉर्डिंग थांबवलं. त्या दिवशी अंगणात ती होती, सुकलूबाबा होते आणि त्यांची सून नीलाबाई होती. चौथं माणूस नव्हतं.

महाविद्यालयाचा संगणक कक्ष आदेश नावाचा एकजण सांभाळायचा. भुताखेतांवर हसणारा पोरगा. दिव्यानीने त्याला काहीच न सांगता फाईल तपासायला दिली. त्याने खालीवर करून बघितलं आणि फाईल दोन वर्षांपूर्वीची आहे, त्यानंतर तिला कोणी हात लावलेला नाही, असं सांगितलं. मग हेडफोन लावून तो ऐकत बसला. बराच वेळ बसला. शेवटी हेडफोन काढून त्याने विचारलं,

“मॅडम, हे इतके लोकं कोन बसून राह्यले?”

दिव्यानीने त्याच्याकडून अकरा सेकंदांचीच शांतता ठेवून बाकीची कापलेली एक प्रत करून घेतली. काम भागलं असतं. पण तिला धीर धरवेना आणि रविवारी सकाळी तिने मूलची गाडी पकडली. ब्रह्मपुरी, वडसा करत दुपारी कुरखेड्याला उतरली आणि तिथून एका ऑटोने कोहकाटोल्याला गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून पडलेलं होतं. गाव मात्र शेतावर नव्हतं, घरी होतं.

गावाच्या तोंडाशी ऐनाच्या झाडाखाली गावकऱ्यांचे दगड उभे होते. गेलेल्या प्रत्येक माणसाच्या नावाने एक दगड उभा करायची त्यांच्या कुळांची रीत होती, हे तिला ठाऊक होतं. उभ्या दगडांच्या ओळीत शेवटी एक लांबट दगड आडवा पडलेला होता. त्याच्यापुढे खणलेला खड्डा रिकामा होता.

नीलाबाईंनी तिला बघितलं आणि न विचारताच पाण्याचा तांब्या आणून दिला. सुकलूबाबा चैत्रात गेले, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या नावाचा दगड तीनदा उभा केला आणि तीनदा आडवा झाला. चौघांनी धरला तरी राहिना. अंगणात बाबांची बसायची जागा तशीच होती. अर्धी विणलेली टोपली होती, तिच्या काड्या वाळून कडक झाल्या होत्या आणि विळा त्यातच पडला होता. दिव्यानीने चाचरत विचारलं की त्या दिवशी मी गेल्यावर बाबा काही बोलले का. नीलाबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच दिव्यानीला जास्त लागलं.

“तू उठून गेली, बाई. तो बसूनच राह्यला.”

मग हळूहळू सगळं कळलं. या टोल्यात पाहुण्याच्या तोंडावर ‘नाई’ म्हणत नाहीत, ते वाईट दिसतं. ज्याला पटलं तो मोठ्याने ‘हो’ म्हणतो. ज्याला पटलं नाही तो गप्प बसतो. तो गप्प आहे तोवर कोणी जागचं हलत नाही. ज्याने विषय काढला त्याने समजून घ्यायचं आणि ‘मी माझं मागं घेतो’ असं स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. तेव्हा कुठे गप्प बसलेला माणूस तोंड उघडतो आणि सगळे उठतात. सभा याच रीतीने होते, घरातली भांडणंही याच रीतीने मिटतात. विचारणारा मधूनच उठून गेला, असं आजवर झालं नव्हतं. सुकलूबाबा सांजेपर्यंत बसले. त्यांना एकटं बसू द्यायचं नाही म्हणून गावातले लोक येऊन बसू लागले.

पहिलं कोण आलं, असं दिव्यानीने विचारलं. आपला आवाज बारीक झालाय, हे तिलाच ऐकू आलं.

पहिला जंगू आला, नीलाबाई म्हणाल्या. त्याले खोकला होता. मग कलाबाई आली.

कलाबाई समोरच दारात उभ्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्यांनी भरलेले. दिव्यानी त्या बांगड्यांकडे बघत राहिली. त्या दिवशी ती पाऊण वाजताच इथून निघाली होती. जंगू आले तेव्हा तिचा फोन तिच्या पर्समध्ये होता आणि पर्स वडशाच्या बसमध्ये होती.

जंगू म्हणजे आता गावातले सगळ्यांत वडील. तेही खोकत येऊन बसले. दिव्यानीने तिथल्या तिथे हात जोडले. माझी चूक झाली, मी मागं घेते, असं ती म्हणाली आणि रडली. ते रडणं खरं होतं. जंगूंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग तिने नक्की काय केलं होतं ते त्यांनी विचारलं, आणि तिने सांगितलं: बाबांची हरकत नाही, असं मी लिहिलं, ते जगभर वाचलं गेलं, आता कंपनीने उचललं.

“मग आमाले सांगून का होते?” जंगू म्हणाले. “जेथी सांगितलं तेथीच मागं घ्या लागते. त्या लोकाइले बसव. त्याईच्या पुढं म्हण.”

परत येताना तिने लेख मागे घ्यायचं पक्कं ठरवलं. पण मूलचा स्टँड येईपर्यंत निम्मं उतरलं आणि चंद्रपूरच्या स्टँडवर उतरली तेव्हा तिला लेख मागे घेतल्यावर काय काय होईल ते सगळं दिसायला लागलं होतं. नियतकालिक तिच्या लेखावर मागे घेतल्याचा शिक्का मारील. मुलाखतीत तो शिक्का पहिला दिसेल. चाळिशीला आलेली बाई तासिकेवर शिकवत राहील. सुनावणीत गावाचे वकील असतीलच की, ते सांगतील काय सांगायचं ते. माणूस स्वतःला कसं पटवतो ते बघण्यासारखं असतं. परिसंवादाच्या दिवशी तिने आदेशने कापलेली प्रतच तयार ठेवली. जुनी फाईल तिने फोनमधून पुसूनही टाकली.

दुपारी तीनला, तिकडच्या सकाळी साडेदहाला, परिसंवाद सुरू झाला. स्टाफरूमचं दार लावून दिव्यानी लॅपटॉपपुढे बसली. पडद्यावर चाळीसेक चौकोन होते आणि चौकोनाचौकोनात विद्वान माणसं. तिच्याआधीच्या वक्त्याने सायबर हल्ल्यांबद्दल गप्प राहणाऱ्या देशांवर निबंध वाचला. अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापक, मान हलवून ऐकणाऱ्या. त्यांनी दिव्यानीचं नाव जवळजवळ बरोबर उच्चारलं. पंधरा मिनिटं होती. दिव्यानीने दोन वाक्यांत ओळख करून दिली आणि तुकडा लावला.

बांबू चिरला. तिचा प्रश्न आला. विळा थांबला.

ती मनात आकडे मोजत होती. नऊ, दहा, अकरा. बारा. तिने थांबवायचं बटण दाबलं आणि काही झालं नाही. परत दाबलं. पडद्यावर तुकडा संपलेला दिसत होता, पट्टी शेवटाला जाऊन टेकली होती, आणि शांतता चालूच होती. कोंबडी कुरकुरली. चटई ओढली गेली. जंगू खोकले, तीनदा. कलाबाईंच्या बांगड्या वाजल्या.

चौकोनांतली माणसं सुरुवातीला कागद चाळत होती, एकजण काहीतरी खात होता. हळूहळू सगळं थांबलं. कॉफी आणायला उठलेला एक तरुण परत येऊन बसला. कोणी ‘आवाज येत नाही’ म्हटलं नाही, कोणी चौकोन बंद केला नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि हात मांडीवर ठेवून त्या तशाच बसल्या. रेकॉर्डिंगमध्ये लोक येतच होते. एक बसलं, मग दुसरं. मग दिव्यानीला चाकाच्या खुर्चीचा आवाज ऐकू आला, लाकडी जमिनीवर सरकणारा. कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. चष्म्याची घडी मिटली. कोहकाटोल्यात खुर्ची नव्हती, बशी नव्हती. तिने पडद्यावर बघितलं. अध्यक्षबाईंनी नुकताच चष्मा काढून हातात घेतला होता.

तिला इतकी भीती वाटली की उठून दार उघडावं आणि बाहेर पळावं, बाहेर पोरांची कावकाव असेल, व्हरांडा असेल. ती अर्धी उठलीसुद्धा. तेवढ्यात तिच्या खालची प्लास्टिकची खुर्ची कुरकुरली, आणि तोच आवाज रेकॉर्डिंगमधून, अंगणातून, तिला परत ऐकू आला. सगळे आले होते. फक्त तिचंच बसायचं राहिलं होतं.

दिव्यानी खाली बसली. आणि मग भीती गेली. तिची जागा लाजेने घेतली. ती साधी, सरळ लाज होती, मोठ्या माणसाला बोलू न देता त्याच्या तोंडात आपले शब्द घातल्याची. बाबांचा बिनदाताचा चेहरा तिला आठवला. त्या अकरा सेकंदांत ते तिच्याकडेच बघत होते. ती वहीत बघत होती.

ती इंग्रजी विसरली. कोणाला कळेल न कळेल याचा विचार न करता ती तिच्या घरच्या बोलीत बोलली.

“बाबा, तुमी गप्प बसले म्हंजे नाई म्हनले. मले कळलं नाई. मी लिहिलं ते खोटं आहे. सगळ्याईपुढं सांगतो, मी माझं मागं घेतो.”

कुठेच काही हललं नाही. मग स्पीकरमधून, दोन वर्षांपूर्वीच्या अंगणातून, एका म्हाताऱ्या माणसाचा घसा साफ केल्याचा आवाज आला.

“हो,” सुकलूबाबा म्हणाले.

आणि लोक उठले. चटया झटकल्या गेल्या, गुडघे करकरले, बांगड्या वाजल्या, खुर्च्या मागे सरकल्या. त्या सगळ्या गलबल्यातून दिव्यानीला तिचा स्वतःचा जुना, घाईचा आवाज आला: बरं, पुढचा प्रश्न. मग तुकडा थांबला. पडद्याच्या कोपऱ्यात तीन वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती.

तिने इंग्रजीत सगळं परत सांगितलं. तळटीप चुकीची आहे, लेख मी मागे घेत आहे, माझ्या लेखाचा आधार घेऊन कोणीही त्या गावाची संमती गृहीत धरू नये. अध्यक्षबाईंनी नुसती मान हलवली. पुढचा वक्ता बोलायला तयार नव्हता, त्याने थोडा वेळ मागून घेतला. संध्याकाळ व्हायच्या आत दिव्यानीने नियतकालिकाला पत्र धाडलं आणि त्याची प्रत मंजुरीच्या समितीलाही पाठवली. मुलाखतीचं काय होणार ते तिला कळत होतं. 

मग तिने नीलाबाईंना फोन लावला. सांगायला सुरुवात करणार तोच पलीकडून नीलाबाई म्हणाल्या, की दगड उभा राहिला. जंगू आज सहज तिकडून जात होते, त्यांनी एकट्यानेच हात लावला आणि दगड खड्ड्यात बसला, पोरं धावत येईपर्यंत मातीही दाबून झाली.

किती वाजता, असं दिव्यानीने विचारलं.

“घडी कोनाजोळ हाये, बाई? चार वाजाले आले असतीन. दुपारपासून सगळे अंगनात बसून होतो. मंग उठलो.”

दिव्यानीच्या ओठांवर पुढचा प्रश्न आला होता. तिने तो विचारला नाही. पलीकडे नीलाबाईही काही बोलल्या नाहीत. अंगणात कोंबडी कुरकुरत होती, दूर कोणीतरी खोकत होतं. दोघींपैकी कोणीच फोन ठेवला नाही, आणि दिव्यानी ऐकत बसून राहिली.